पासपोर्ट संपला, माणूस शिल्लक

नायगारा बघावा तर कॅनडाच्या बाजूनंच, असं न्यू जर्सीतला प्रत्येक मराठी माणूस पाहुण्यांना ठणकावून सांगतो. आणि त्याच पाहुण्यांना अमेरिकेच्या बाजूनं फिरवून, चिवडा-पुऱ्या खाऊ घालून परत आणतो. का हो? "तिकडं फार गर्दी असते." गर्दी कसली डोंबलाची. पासपोर्ट संपलाय.

खिशात ग्रीन कार्ड आहे. एडिसनला घर आहे, घरावर कर्ज आहे, दारात दोन गाड्या आहेत. भारतीय पासपोर्ट मात्र कपाटातल्या कपाटात वारला. सुतकसुद्धा कुणी पाळलं नाही.

अशा माणसाला नायगाऱ्याजवळचा, दोन देशांमधला रेनबो ब्रिज ओलांडता येतो का? येतो की. फक्त कॅनडात शिरता येत नाही.

२६ एप्रिल २०२२ पासूनचा कॅनडाचा नियम सरळ आहे. अमेरिकेचं ग्रीन कार्ड चालू हवं आणि स्वतःच्या देशाचा पासपोर्टही चालू हवा. गाडीनं या, विमानानं या, चालत या. व्हिसा लागत नाही, कारण तुम्ही अमेरिकेत राहता. पासपोर्ट लागतो, कारण तुम्ही अमेरिकेचे नाही. आहे का काही म्हणायला जागा?

मग गाडी वळवायची आणि आल्या पुलानं परत. पोटात गोळा. आता अमेरिकेनंही पासपोर्ट मागितला तर? मधल्या पुलावर संसार मांडायचा?

अमेरिका मागतच नाही.

वर्षाच्या आत परत येणाऱ्या कायम रहिवाशाला आत यायला ग्रीन कार्ड पुरतं, असं त्यांचाच कायदा सांगतो. पासपोर्ट तुम्हाला लागणार तो दुसऱ्या देशासाठी, ते तुमचं तुम्ही बघा. अधिकारी कार्ड बघतो, चेहरा बघतो, जा म्हणतो. जिथं आपण कागदोपत्री परके, तिथं फाटक उघडं.

आणि जिथले आपण नागरिक, तिथं? तिथपर्यंत पोचू तर द्या!

कारण मुंबईच्या विमानाची खरी सरहद्द मुंबईत नसतेच. ती नेवार्कच्या विमानतळावर असते, बॅगांच्या काट्याशेजारी. तिथं ना झेंडा असतो, ना बंदूक. गळ्यात कंपनीचा स्कार्फ बांधलेली एक मुलगी असते आणि तिच्यासमोर एक पडदा. पडद्यावर 'टिमॅटिक' नावाची नियमांची जंत्री. कोणत्या देशाच्या माणसाला कोणत्या देशात जायला काय काय लागतं, ते १९६३ पासून विमान कंपन्या या जंत्रीत बघतात. जंत्री नाही म्हणाली की मुलगी नाही म्हणते. तुम्ही घटना, मूलभूत हक्क, मायभूमी, काय वाटेल ते बोला. मागची रांग खाकरायला लागते.

ती मुलगी देशाचं रक्षण करत नसते. ती कंपनीच्या गल्ल्याचं रक्षण करत असते.

कागद अपुरे असलेला प्रवासी आणला तर दंड विमान कंपनीला. शिवाय त्याला परत न्यायचा भुर्दंडही तिलाच. अमेरिकेत हे जुनंच आहे. आपण २००० साली खास त्यासाठी कायदा केला, लाख रुपये दंड ठेवला, आणि २०२५ च्या नव्या परदेशी नागरिक कायद्यात तो सामावून घेतला. सरकारांनी पहारा असा फुकटात बाहेर देऊन टाकला. पहारेकऱ्याचा पगार तुमच्या तिकिटात.

बॅग दोन किलो जास्त भरली तर पैसे टाकून सुटता येतं. तारीख दोन दिवस जास्त झाली तर नाही. एवढंच काय ते राष्ट्रीय सुरक्षेचं वजन.

बरं, रात्री बारा वाजता त्या पुस्तिकेत नेमकं बिघडतं तरी काय? नाव तेच, जन्मतारीख तीच, बोटांचे ठसे तेच. जाणकार म्हणतात, दहा वर्षांत चेहरा बदलतो. मान्य. पोटही बदलतं, पण त्याचा फोटो लागत नाही.

मग हे ऐका. १९७७ ते १९८९ या काळातल्या कित्येक ग्रीन कार्डांवर मुदतीची तारीखच छापलेली नाही. ती कार्डं आजही चालतात! फोटोत कानांवर केस आणि रुंद कॉलर, समोर कवळी लावलेले आजोबा. अधिकारी ओळखतो. तिथं बरा चेहरा बदलत नाही?

आजच्या ग्रीन कार्डाला दहा वर्षांची मुदत असते. ती संपली तरी कायम रहिवासाचा हक्क संपत नाही, संपतं ते प्लास्टिक. भारतीय पासपोर्ट संपला तरी नागरिकत्व संपत नाही, संपतो तो कागद. हे सरकारला ठाऊक आहे, वकिलाला ठाऊक आहे, तुम्हालाही ठाऊक आहे. काउंटरवर मात्र कुणालाच ठाऊक नसतं.

आणि दहा वर्षंही कुठं धड मिळतात? सहा महिने शिल्लक असल्याशिवाय कितीतरी देश दारात उभं करत नाहीत. म्हणजे पैसे दहा वर्षांचे, माल साडेनऊ वर्षांचा. ग्राहक मंचात जाऊन बघा.

उलट मेलेल्या पासपोर्टाच्या पोटात अमेरिकेचा जिवंत व्हिसा असेल, तर तो चालतो. नवा पासपोर्ट पुढं, जुना मागं, दोघांना रबरबँड. लाखो लोक असे फिरले. पुस्तिका अवैध, तिचं एक पान वैध. आता बोला!

या सगळ्याला सुरुवात कधी झाली म्हणता? पहिल्या महायुद्धाआधी युरोपात बहुतेक ठिकाणी पासपोर्टाशिवाय हिंडता येत होतं. युद्धात हेर आले, कागद आले. युद्ध संपलं. १९२० साली पॅरिसला राष्ट्रसंघानं परिषद भरवली. आता हे कागद काढून टाकू, असं लोकांना वाटलं. परिषदेनं त्यांचा आकार एकसारखा केला. 'काम चालू, रस्ता बंद'ची पाटी काढायला म्हणून माणसं गेली आणि रंगवून परत लावून आली.

त्याच १९२० साली इंग्रजांनी भारतात शिरण्याबाबतचा पासपोर्ट कायदा केला. इंग्रज गेले १९४७ ला. कायदा गेला २०२५ ला.

आपला माणूस निर्दोष आहे का? छे. मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून पासपोर्ट नवा करता येतो. कॉस्टकोचं सभासदत्व चुकत नाही, गाडीची नोंदणी चुकत नाही, दिवाळी पहाटेचं तिकीट तर पहिल्या तासात. पासपोर्टच तेवढा कसा विसरतो?

त्याचं उत्तर एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या दिवसांत आहे. तेव्हा पासपोर्टाची मुदत आधी संपत असेल, तर अमेरिकेतला मुक्कामही तिथंच छाटला जायचा. त्यामुळं तेव्हा हाच माणूस तारखा देवपूजेसारख्या रोज घोकत होता. मग ग्रीन कार्ड आलं. पासपोर्ट खणात गेला, खणाची किल्ली हरवली, आणि माणूस म्हणाला, सुटलो. मायदेशाचा कागद परदेशाच्या धाकानं सांभाळलेला होता. धाक गेला, कागद गेला.

आता पुण्याहून फोन येतो. तातडीनं निघायचंय. नवा पासपोर्ट हातात यायला वेळ लागणार. मग वकिलात उपाय देते: इमर्जन्सी सर्टिफिकेट. फक्त भारतात जायचं, एकदाच, एकाच दिशेनं. सरकार म्हणतं, या. परत जायचं म्हणता? ते नंतर बघू.

नंतर म्हणजे पुण्यात नव्या पासपोर्टाचा अर्ज. कारण मुंबईहून बाहेर पडायला पुन्हा चालू पासपोर्ट हवा. ग्रीन कार्ड दाखवून अमेरिकेत शिरता येतं, सहार विमानतळावरून निघता येत नाही.

आणि अर्जामागून पोलीस पडताळणी. हवालदारसाहेब कोथरूडच्या फ्लॅटवर येतात, पंख्याखाली टेकतात, वही उघडतात. "इथं किती वर्षं राहता?" आता काय सांगायचं? खरं सांगावं तर चार दिवस. खोटं सांगावं तर पाय अजून जेटलॅगमध्ये.

"बरं, ओळखणारे दोन शेजारी बोलवा."

समोरचे काका-काकू मुलीकडं गेलेत, डॅलसला. खालचे जोशी मुलाकडं, सॅन होजेला. सहा महिने तिकडं, सहा महिने इकडं, कार्ड टिकवायला. वरच्या मजल्यावर एक कुलूप आहे, ते लंडनचं. राहता राहिला वॉचमन. तो ओळखतो म्हणाला, पण त्याचाच पत्ता बिहारचा निघाला.

हवालदारसाहेबांनी चहा घेतला आणि विचारलं, "साहेब, तिकडं आमच्या पोराचं काही होईल का?"