पीसीएक्स काका

पाळण्यातलं नाव काहीही असो, गल्लीत त्यांना पीसीएक्स काकाच म्हणतात. नव्वदच्या दशकात ते लग्नपत्रिकांचं डीटीपी करायचे. दुकान कधीच उठलं, पण लोकांची जुनी चित्रं नव्या फायलीत आणून द्यायचं व्रत चालूच आहे. त्याला उद्यापन नाही.

फ्लॉपी नेऊन दिली की आत फोटो कुणाचा, हे काका विचारत नाहीत. फाइल कुठल्या घराण्यातली, एवढंच बघतात. नावापुढच्या टिंबानंतरच्या तीन अक्षरांवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. "आडनाव काय, कुणीही लावतं. कूळ पहिल्या बाइटात कळतं." आरंभी दहा असेल तर पीसीएक्स, 'बीएम' असेल तर बीएमपी. टिफ असेल तर 'आयआय' की 'एमएम', म्हणजे इंटेलच्या वळणाची की मोटोरोलाच्या, आणि लगोलग ४२. हा आकडा दिसला की काकांना ओळखीचं माणूस भेटल्यासारखं होतं.

बीएमपीचा मात्र त्यांना राग. "६४० बाय ४८० चं एक चित्र, पूर्ण रंगात, ९,२१,६५४ बाइट! फ्लॉपीत दुसरं मावत नाही. आणि भरतं कसं, तर खालच्या ओळीपासून वर!" जिफचा विषय काढू नये. त्यातल्या कॉम्प्रेशनच्या पेटंटपायी युनिसिसनं १९९४ मध्ये पैसे मागायला सुरुवात केली. अमेरिकेतलं पेटंट २००३ साली संपलं, काकांचं भांडण अजून चालू आहे.

पीसीएक्स म्हणजे संसारी माणूस. एकच रंग सलग आला की "हाच, इतक्या वेळा" एवढं लिहून मोकळं, वाण्याच्या वहीत 'सदर' लिहितात तसं. फक्त एका दमात ६३ पर्यंतच. चौसष्टावा आला की पुन्हा सुरुवात.

मी आजीआजोबांचा फोटो घेऊन गेलो. फ्लॉपीतल्या फायलीचं शेपूट सडलेलं. काका हळहळले. "अरेरे, पॅलेट गेलं. २५६ रंगांचं पीसीएक्स रंग शेवटी ठेवतं, ७६८ बाइटांत. आता नुसते नंबर उरले."

मग त्यांनी दुसऱ्या कुठल्याशा फायलीचं पॅलेट उसनं आणून डकवलं. आजीचा शालू पोपटी, चेहरा जांभळा. काकांच्या मते उत्तम काम झालं होतं, कारण एकही नंबर हलला नव्हता.

"काका, शालू लाल होता हो."

"असं म्हणतोस?" त्यांनी शालूवर कर्सर नेला, चारपाच नंबर टिपले, प्रत्येकापुढे लाल रंग भरला. शालू लाल झाला. त्याच नंबरांवर होतं म्हणून आजीचं कुंकूही लाल झालं. आणि शेजारी आजोबांचे ओठ.

काका चष्मा कपाळावर सरकवून पडद्याजवळ वाकले. एवढ्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच चित्र पाहिलं असावं.

"पान खायचे का रे तुझे आजोबा?"