सूप वाजेपर्यंत

सूपकाकांचं खरं नाव त्यांच्या दारावरच्या पाटीवर आहे, पण ती पाटी आता कुरिअरवालासुद्धा वाचत नाही. "सूपवाल्या काकांचं पार्सल" म्हणून तो ते खाली वॉचमनकडे देऊन मोकळा होतो. हे नाव त्यांना आमच्या सोसायटीने दिलं आणि काकांनी ते एखाद्या पदवीसारखं स्वीकारलं.

निवृत्त पुरुष स्वयंपाकघरात एकदम शिरत नाही. पहिले तीन महिने तो विजेची जुनी बिलं तपासतो. मग फ्रिजचं दार किती वेळ उघडं राहतं त्यावर लक्ष ठेवतो. मग गॅस सिलिंडरवर खडूने तारीख लिहितो. आणि सहाव्या महिन्यात कधीतरी त्याला शोध लागतो, की या घरात छत्तीस वर्षं दोन वेळचं जेवण तयार होतंय आणि त्याचं कुठेही रेकॉर्ड नाही! त्या दिवशी तो एक वही, एक पेन आणि एक वजनकाटा घेऊन ओट्यापाशी उभा राहतो. कोथरूडपासून डोंबिवलीपर्यंत असा एखादा तरी प्रत्येक सोसायटीत असतो. कुठे तो पाव भाजतो, कुठे बिर्याणीला दम देतो. आमच्या नशिबी सूप आलं.

काका पिंपरीच्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते. सगळा जन्म दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू मोजून नापास करण्यात गेला. त्यामुळे काकूंनी "अंदाजाने मीठ टाकलं" म्हटलं, की त्यांच्या चेहऱ्यावर ब्रेक न लावलेली गाडी उतारावर पाहिल्यासारखे भाव येतात. काकू स्वयंपाक करतात. काका सूप 'हाती घेतात'. काकूंचा स्वयंपाक झाल्याचं कुकरच्या शिट्टीवरून कळतं, काकांचं सूप होणार असल्याचं आठ दिवस आधी नोटीस बोर्डावरून.

तर मागे एका डिसेंबरात नोटीस लागली : '३१ तारखेला रात्री गच्चीवर स्नेहमेळावा. रताळ्याचे गरम सूप. माणशी २०० मिलि.' खाली काकांची सही, आणि सहीखाली सेक्रेटरींची, थोडी नाइलाजाने केलेली.

"रताळ्याचंच का?" हा प्रश्न मी विचारायला नको होता. काकांकडे प्रश्न विचारणं म्हणजे नळ उघडून बाहेरगावी जाण्यासारखं आहे.

"अरे, रताळ्यावर फार मोठा अन्याय झालाय," काका म्हणाले. "बटाटा हा शब्द आपण पोर्तुगिजांकडून घेतला. त्यांच्या आधी तो होता कॅरिबियन बेटांवरच्या तायनो लोकांचा. आणि तायनो लोक 'बटाटा' कशाला म्हणायचे? रताळ्याला! तो तुमचा बटाटा मागून आला, पेरूच्या डोंगरातून, आणि याचं नाव लाटून बसला. म्हणजे आपण बटाटेवडा म्हणतो तो शब्दार्थाने रताळेवडा आहे." एवढं बोलून ते क्षणभर गप्प झाले. नंतर काकूंकडून कळलं, की कारखान्यात त्यांचे एक वरिष्ठ त्यांना भर मीटिंगमध्ये 'रताळ्या' म्हणाले होते. तेव्हापासून काकांच्या मनात या कंदाविषयी एक हळवा कोपरा आहे.

'सूप' या शब्दावरही त्यांचं असंच एक भाषण तयार असतं. संस्कृतात सूप म्हणजे वरण, रस्सा. स्वयंपाक्याला सूपकार म्हणत. मराठीत पाककृतींचं पुस्तक १८७५ साली छापलं गेलं, त्याचं नावच 'सूपशास्त्र'. विराटाच्या मुदपाकखान्यात बल्लव होऊन राहिलेला भीम हा काकांच्या मते आद्य सूपवाला. इंग्रजी सूपचा या सूपाशी काही संबंध नसावा, नुसता योगायोग असेल, असं मी एकदा म्हणून पाहिलं. "योगायोग इंग्रजांच्या बाजूने झालाय," काका म्हणाले.

रताळी आणायला मला मंडईत नेण्यात आलं. पिशव्या धरणे हे माझं अधिकृत काम. काकांनी खिशातून व्हर्निअर कॅलिपर काढला आणि एकेका रताळ्याचा कंबरेचा घेर मोजायला सुरुवात केली. गाळ्यावरच्या मावशींनी हे पाच मिनिटं सोसलं.

"काका, रताळं घ्यायचंय का झंपर शिवायचाय त्याला?"

"सगळी एका जाडीची हवीत. एकसारखी भाजली गेली पाहिजेत."

"मग ही गावरान घ्या, करमाळ्याची. बारीक हायेत पण गोड. ती कर्नाटकातली नुसती दिसायला मोठी."

काका मात्र फोटोतल्या सूपासारख्या केशरी रताळ्याच्या शोधात होते. तिरुवनंतपुरमला कंदपिकांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, १९६३ सालची. तिथे केशरी गराचं एक वाण तयार झालंय, 'भू सोना', गाजरात असतं ते बीटा कॅरोटिन भरपूर असलेलं. काकांनी हे सगळं मावशींना सांगून विचारलं, "भू सोना आहे का?"

"सोनं लक्ष्मी रोडला," मावशी म्हणाल्या. "इथं भाजी मिळती."

शेवटी गावरान रताळी आली, साडेचार किलो. ती ठेवायची कुठे, यावर रात्री घरात वाद झाला. काकूंनी सवयीने फ्रिज उघडला तर काका आडवे आले. रताळं मुळात गरम हवेतलं. बारा-तेरा अंशांच्या खाली ठेवलं तर आतून बाधतं, मग कितीही शिजवा, मधला गाठा कडकच राहतो. हे खरंच आहे. पण त्या आठवड्यात पुण्यात रात्रीचा पारा दहापर्यंत उतरत होता, त्यामुळे स्वयंपाकघरही काकांना सुरक्षित वाटेना. मी सकाळी गेलो तेव्हा रताळी दिवाणखान्यात सोफ्यावर, काकांच्या सत्कारात मिळालेल्या शालीत गुंडाळून निजलेली होती.

"मला स्वेटर हवा म्हणून तीन हिवाळे सांगतेय," काकू चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "पण मी काही कंद नाही."

३१ तारखेला सकाळी सहा वाजता काम सुरू झालं. सूप रात्री नऊला प्यायचं होतं. काकांच्या सूपाचा सगळा जीव भाजण्यात आहे. रताळ्यात पिठाची साखर करणारं एक द्रव्य असतं, ते साधारण साठ ते पंचाहत्तर अंशांच्या दरम्यान जोमाने काम करतं. म्हणून रताळं त्या तापमानातून सावकाश जायला हवं; मायक्रोवेव्हमध्ये घातलं की ते टप्पा न घेता पुढे पळतं आणि अळणी राहतं. तेव्हा साडेचार किलो रताळी तीन घरांतल्या तीन ओव्हनमध्ये मंद आचेवर गेली. प्रत्येक ओव्हनपाशी एक थर्मामीटर आणि एक शाळकरी मुलगा. दर दहा मिनिटांनी मुलं जिन्यातून आकडे ओरडत होती. साडेआठला आमच्या विंगचा फ्यूज उडाला. ती अंघोळीची वेळ होती. गीझर बंद पडलेल्या चार पुरुषांनी काकांबद्दल जे म्हटलं ते त्यांच्या सूपाबद्दल नव्हतं एवढंच सांगतो.

"आमच्याकडे करमाळ्याला," काकू मला हळूच म्हणाल्या, "रात्री जेवणं झाली की रताळी चुलीच्या फुफाट्यात पुरायची नि झोपायचं. सकाळी काढली की मध टपकायचा." मी हे काकांना सांगितलं. ते थबकले. म्हणाले, "बरोबर आहे, पण फुफाट्याचं तापमान काय होतं?"

दुपारपर्यंत ओट्यावर सतरा भांडी जमली. कधीतरी स्वयंपाक करणाऱ्या पुरुषाचा आणि भांड्यांचा हा संबंध कुणीतरी अभ्यासायला हवा. काकू अख्खा दिवाळीचा फराळ एका कढईत आणि दोन परातींत उरकतात. काकांना चिरलेला लसूण ठेवायला एक वाटी, ती वाटी ठेवायला ताटली आणि त्या ताटलीवर झाकण लागतं. शिवाय ते मध्येच हाक मारतात, "अगं, मीठ कुठे असतं?" हा प्रश्न त्या दिवशी चार वेळा आला. मीठ छत्तीस वर्षं एकाच बरणीत, एकाच जागी, गॅसच्या उजव्या हाताला आहे.

लोण्यावर कांदा, लसूण, आलं, तमालपत्र, मिरे. त्यात रताळ्याचा गर, मग पाणी, मग मिक्सर. सूप झालं. आणि सगळे पातेल्यात डोकावले तेव्हा कुणी काही बोलेना. पांढऱ्या गराच्या रताळ्यांचं सूप केशरी होत नाही. ते नेमकं कपड्यांना करायच्या खळीसारखं दिसत होतं. काकांनी एक गाजर घातलं. मग हळद. आता ते हळद घातलेल्या खळीसारखं दिसू लागलं.

पण खरं संकट दुपारी चारला आलं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी नातवाच्या हाती निरोप धाडला : 'सूप थोडं कोमट ठेवा, दिवसभर पोटात काही नाही.' त्या ३१ तारखेला एकादशी होती. इतकी नोटीस, इतके तक्ते, पण काकांनी पंचांग पाहिलं नव्हतं. आणि रताळ्याचं सूप म्हणजे उपासाचंच असणार, अशा समजुतीने सोसायटीतल्या चौदा जणांनी रात्रीची दुसरी काही सोयच केली नव्हती.

काका स्वतः समजूत घालायला वर गेले, मीही मागोमाग. दारात उभं राहून त्यांनी आजींना पटवायचा प्रयत्न केला. "आजी, विचार करा. उपासाला चालतं काय? शेंगदाणा, बटाटा, रताळं, मिरची, राजगिरा. साबुदाणा तर टॅपिओकाचा. सगळं मूळचं अमेरिका खंडातलं! पाचशे वर्षांपूर्वी यातलं काहीच इथे नव्हतं. आणि कांदा-लसूण बिचारे हजारो वर्षं आपल्यात आहेत, ते मात्र चालत नाहीत. हे लॉजिक काय?"

आजींनी जप न थांबवता सगळं ऐकून घेतलं. "असेल," त्या म्हणाल्या. "ते नवीन आहेत, त्यांच्या हातून अजून काही पाप झालेलं नाही. कांद्याला आम्ही जुने ओळखतो."

आम्ही खाली आलो तेव्हा काकूंनी उरलेली दीड किलो भाजलेली रताळी सोलून हाताने कुस्करायला घेतली होती. पातेल्यात तूप पडलं. जिरं घालावं की नाही यावर जिन्यातूनच दोन मतं आली : एका घरी जिरं चालतं पण कोथिंबीर नाही, दुसऱ्या घरी कोथिंबीर चालते पण जिरं नाही. काकूंनी जिरं टाकलं, कोथिंबीर वाटीत वेगळी ठेवली आणि विषय संपवला. हिरवी मिरची, दाण्याचं कूट, ताक, गूळ नखाएवढा. उजव्या हाताने न बघता बरणीतून मीठ. दहा मिनिटं. एक पातेलं, एक पळी.

"किती मीठ टाकलंस?" काका वही उघडून उभे.

"अंदाजाने."

रात्री गच्चीवर शेकोटी होती, हाउझी होती, भेंड्या होत्या. काका आपल्या पातेल्यामागे डाव घेऊन उभे होते आणि प्रत्येक कपाबरोबर तायनो लोकांबद्दल दोन वाक्यं देत होते. लोकांनी घोट घेतले आणि म्हणाले, "वेगळं आहे." पुण्यात एखादा पदार्थ 'वेगळा' आहे म्हटलं की पाहुण्याने पत्ता विचारू नये. खरं तर सूप वाईट नव्हतं. गोडी इतकी खोल होती की मी दुसरा कप घेतला, डोळे मिटून. पण शेजारच्या पातेल्यापुढची रांग लांबत चालली होती. चौदा उपासवाल्यांची नावं यादीत होती; काकूंनी मोजले तर एकवीस जण निघाले, आणि त्यातल्या दोघांच्या हातात भज्यांची प्लेट होती.

बाराला पाच मिनिटं असताना सेक्रेटरींनी माइक घेतला. "मित्रहो, आता सरत्या वर्षाचं आणि आपल्या कार्यक्रमाचं सूप वाजलं असं मी जाहीर..."

"थांबा!" पातेल्यामागून काका ओरडले. "अजून अडीच लिटर आहे!"

मला वाटलं होतं, काका खट्टू होतील. पण हा माणूस खट्टू होत नाही, त्याला फक्त नवीन प्रयोग सुचतो. एक तारखेला सकाळी मी ओव्हनची जाळी परत करायला गेलो तर ओट्यावर सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा मांडलेला. समोर काकू, चेहऱ्यावर डेंटिस्टकडे बसल्यासारखा वैताग. काका त्यांना चिमूटभर मीठ उचलून काट्यावर सोडायला सांगत होते. काल रात्रीच्या त्या 'अंदाजा'चा एकदाचा निकाल लावायचा होता.

"१.२," काका म्हणाले आणि वहीत लिहिलं. "पुन्हा."

१.२.

"अगं, सहज उचल. बघून नको."

काकूंनी खिडकीतून बाहेर बघत मीठ उचललं. १.२. मला म्हणाल्या, "बस ना, चहा टाकते," आणि चौथी चिमूट सोडली. १.२. पाचवी तशीच. सहाव्या वेळी काकांनी काटा दुसऱ्या फरशीवर सरकवला, तिचा उतार तपासला आणि स्वतःच्या श्वासाने फरक पडू नये म्हणून तोंडावर रुमाल धरला.

सातव्या वेळीही तोच आकडा आला, तेव्हा त्यांनी काटा उलटा केला आणि सेल बदलले.