पाहुणा दुष्काळीच बरा

अंदमान-लक्षद्वीपला निघालेल्या माणसाला सल्ले देणाऱ्यांची छत्रपती संभाजीनगरात वाण नाही. गावाला समुद्र नाही, समुद्राचं वारंही नाही. तरी टोपी कोणती घ्यावी, बोट लागू नये म्हणून काय चघळावं आणि मासे न खाणाऱ्याने चार दिवस कशावर काढावेत, हे गुलमंडीवर उभ्या उभ्या सांगणारे भेटतात. ते सगळं ऐकावं, चिवडा आणि शेंगदाण्याची चटणीही बांधून घ्यावी. माझं म्हणणं एवढंच, की बेटावर कसं वागावं याचं शिक्षण या शहराने आपल्या रहिवाशाला फुकटात आणि सक्तीने दिलेलं आहे. आठवड्यातून एकदा नळ आला तरी धन्यता मानणारा माणूस हाच बेटाला परवडणारा पाहुणा. अडचण अशी, की घर सोडताना तो गॅस बंद करतो, मोटारीचं बटण बंद करतो आणि ही अक्कलही आतच ठेवून कुलूप लावतो.

बेट म्हणजे चौफेर पाणी, तिथे कसली आलीय टंचाई, असं कोणी म्हणेल. म्हणणाऱ्याने समुद्राच्या पाण्यात साबणाचा फेस काढून दाखवावा. लक्षद्वीपची सगळी बेटं मिळून जेमतेम ३२ चौरस किलोमीटर जमीन, नदी एकही नाही. प्रवाळाच्या वाळूत जे पावसाचं पाणी मुरतं ते खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून दुधावर साय धरावी तसं ते खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. बेताने उपसलं तर विहीर गोडी राहते. मोटार लावून ओढलं की खालचं खारं वर चढतं आणि शेजाऱ्याच्या चहालाही चव येते. हे शास्त्र इतरांना आकृती काढून समजवावं लागेल. संभाजीनगरकराला 'टिल्लू पंप' एवढे दोन शब्द पुरेत. नळ आल्यावर एकाने टिल्लू लावला की गल्लीच्या टोकाच्या घरात नुसती हवा येते. त्यावरून जी भाषा वापरली जाते ती इथे छापता येणार नाही, पण तिच्यामागचा न्याय बेटाला तसाच्या तसा लागू आहे. लक्षद्वीपमधल्या कवरत्तीला २००५ साली समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प सुरू झाला, दिवसाला १ लाख लिटरचा. म्हणजे दहा हजारी दहा टँकर. हा भागाकार आपल्याकडे पोरंसोरं कागदाशिवाय करतात.

अंदमानात पाऊस धो धो पडतो, हा आक्षेप जरा वजनदार. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पडतो हे खरंच. आपल्याकडे ७०० झाला तर लोक एकमेकांचं अभिनंदन करतात. पण पाऊस पडणं आणि पाणी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मराठवाड्याला कोणी सांगायला नको. उतारावरचं पाणी तिथे थेट समुद्र गाठतं आणि पोर्ट ब्लेअरची मुख्य भिस्त धनीखारी या एका धरणावर. (२०२४पासून पोर्ट ब्लेअरला श्रीविजयपुरम म्हणायचं. जुनं नाव तोंडात आलं तर आपल्या गावच्या माणसाने तरी वाद घालू नये.) उन्हाळा लांबला की तिथेही नळ दिवसाआड. शिवाय पाऊस मेअखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत, आणि पर्यटकांची झुंबड नेमकी कोरड्या महिन्यांत. आपण तर शाळेची सुट्टी बघून एप्रिल-मे गाठतो. एका टँकरच्या गावातून पळालेला माणूस विमानाचं भाडं भरून दुसऱ्या टँकरच्या गावात उतरतो आणि शॉवर चालू ठेवून दात घासतो.

पैसे मोजलेत, मग आंघोळ कशाला मोजायची? वर्षभर बादल्या मोजल्यावर चार दिवस तरी मोकळं भिजू नये का? हा आक्षेप मला मनापासून पटतो आणि तरीही मान्य नाही. जिने नळाचा दिवस म्हणून नात्यातलं लग्न टाळलंय, रात्री अडीचला 'आपल्या लाईनला सोडलं का' हा मेसेज बघून उठून निळे ड्रम, घागरी, शेवटी कुकरसुद्धा भरून ठेवलाय, त्या बाईला उपदेश करायची माझी छाती नाही. पण मोकळं भिजायला समुद्र आहे. तो कोणाच्या वाट्यातला नाही, हवं तेवढं डुंबावं. प्रश्न त्यानंतरचा. वाळू किनाऱ्यावरच झटकावी, खोलीत एकदाच बादलीने अंग धुवावं, टॉवेल रोज नवा मागू नये. हॉटेलवाल्याला आपण पैसे देतो, कबूल. पण टंचाईत तोही टँकरच मागवतो, आणि तो टँकर ज्या वस्तीला मिळाला नाही तिच्यापुढे आपलं बिल नाचवून काय उपयोग?

बाकीचे शिष्टाचार याच हिशेबातून निघतात: दुसऱ्याच्या वाट्याचं घेऊ नये. प्रवाळाचे तुकडे उचलू नयेत. १९७२च्या वन्यजीव कायद्याचं त्यांना संरक्षण आहे, विमानतळावर बॅगेतून ते काढून घेतात आणि 'शोकेसमध्ये ठेवायचेत हो' ही सबब तिथे चालत नाही. वेरूळच्या लेण्यातला टवका कोणी खिशात टाकला तर आपल्याला काय वाटेल, तेवढं आठवावं. अंदमानात जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून गाड्या ताफ्याने जातात. तिथे फोटो काढणं किंवा खिडकीतून बिस्किटं देणं हा गुन्हा आहे, पाहुणचार नव्हे. लक्षद्वीपला परवान्याशिवाय प्रवेश नाही, बंगाराम सोडलं तर दारू नाही आणि गावात आखूड कपडे खपत नाहीत. आपल्याकडच्या निम्म्या सहलींना याचा त्रास होणार नाही, उरलेल्या निम्म्यांनी आधीच विचार करावा. बेटाबेटांमधल्या बोटींच्या वेळा पाळाव्यात, कारण हात दाखवला म्हणून थांबायला त्या एसटी नव्हेत. आणि घड्याळ आपलंच असलं तरी अंदमान फार पूर्वेला आहे, डिसेंबरात सूर्य पाचच्या सुमारास बुडतो. पाचला चहा टाकून सावकाश सूर्यास्त बघायला निघणारं संभाजीनगरी कुटुंब किनाऱ्यावर मोबाईलचे टॉर्च लावून एकमेकांच्या चपला शोधतं. तेव्हा चहा चारलाच घ्यावा, आणि कप विसळायला पिंपातलं पाणी घ्यावं; नळ सोडू नये.