खुराड्यातल्या थोरलीला खुलं पत्र

थोरले,

तांबडाबुंद तुरा, तुकतुकीत पिसं, दांडीवरची सगळ्यांत वरची जागा. हे सगळं असून तुला नव्या तलंगेच्या पाठीवरची पिसंही हवी होती? सकाळी तिच्या शेपटीच्या मुळाशी रक्त होतं. म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे. परसात कोंबड्या पाळणाऱ्या प्रत्येकाला तुझी करणी कळली पाहिजे.

कळपात पायरी असते, हे मला मान्य आहे. थोरलेफ श्येल्डेरूप-एब्बे हा नॉर्वेचा माणूस लहानपणापासून कोंबड्या न्याहाळत आला आणि कोण कोणाला टोचतं याचा क्रम त्याने १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला जगापुढे मांडला. हा क्रम कळपाला शांत ठेवतो. एकदा पायरी ठरली की थोरलीने मान वर करून बघितलं तरी धाकटी बाजूला होते. तलंग तर तुला बघताच खाली दबते. मग पाण्यापर्यंत तिचा पाठलाग कशासाठी? धाकच दाखवायचा असेल तर घारीला दाखव. ती आली की सगळ्यांत आधी तूच करवंदीच्या जाळीत शिरतेस.

आता सबबी सांगू नकोस. जागा कमी पडते म्हणशील, तर खुराड्यात प्रत्येकीला चार चौरस फूट आहे आणि बाहेरच्या जाळीत दहा. दांडीवर प्रत्येकीला वीतभर जागा मिळते. खाद्याचं म्हणशील तर तेही नाही. पिसं म्हणजे जवळजवळ निव्वळ प्रथिन, आणि नुसत्या कण्यांवर जगणारी कोंबडी दुसरीची पिसं उपटून गिळते, हे मला ठाऊक आहे. म्हणून तुला अंड्यावरच्या कोंबडीचं खाद्य मिळतं, १६ ते १८ टक्के प्रथिनांचं, आणि वर उकिरड्यातले किडे. पंखांखाली उवा नाहीत, मी स्वतः बघितलं. खाद्याची भांडी दोन, पाण्याचीही दोन, आणि तीही दोन टोकांना, एकीने अडवलं तर दुसरीकडे जाता यावं म्हणून. तू मात्र एकावर पहारा देतेस आणि तलंग दुसऱ्याकडे वळली की तिकडे धावतेस. तलंगेला आधी जाळीपलीकडे ठेवून तुमची ओळखही करून दिली होती. नंतर काळोखात दांडीवर बसवलं, म्हणजे सकाळी ती तुमच्यातलीच वाटावी.

मला सगळ्यांत जास्त राग रक्ताचा आहे. कोंबडीला लाल रंग ओढून घेतो. पहिली चोच तुझी असते, पण जखम दिसली की गरीब स्वभावाच्याही तिथेच टोचू लागतात आणि मुकी पोर उभी सोलली जाते. म्हणून तिला लगेच बाहेर काढलं, जखम धुऊन हळद लावली. ती जाळीपलीकडेच आहे, कळपाच्या डोळ्यांसमोर. नाही तर बरी होऊन परत आली की पुन्हा परकी ठरायची.

पुष्कळ घरांत एवढ्यावरच थांबतात. मार खाणारी कोंडली जाते आणि मारणारी अंगणात मोकळी हिंडते. मला हे मुळीच पटत नाही. शेजारी सांगतात, चोचीचं टोक छाटून टाका. तेही मी करणार नाही. चोचीच्या टोकाला संवेदना असते, छाटताना दुखतं, आणि चोचीशिवाय तू दाणा टिपणार कशी?

तेव्हा आजपासून तीन-चार दिवस तू मागच्या पडवीतल्या पिंजऱ्यात. दाणा-पाणी मिळेल, सावली मिळेल, कळप मात्र दिसणार नाही. तेवढ्यात इकडे पायऱ्या नव्याने लागतील. परत येशील तेव्हा वरच्या दांडीवर ढवळी बसलेली असेल. तिला थोडं टोचून बघशील, ते मी चालवून घेईन. रक्त दिसलं तर पुन्हा पिंजरा, आणि या खेपेपेक्षा जास्त दिवस.