आपलं जळगाव

बुलढाणा जिल्ह्यातल्या नांदुऱ्याच्या रेल्वे स्टेशनवर उभं राहून "जळगाव" म्हटलं, की खिडकीतून तिकीट मिळतं ते भुसावळच्या पलीकडचं, खानदेशातल्या जळगावचं. तोच शब्द गावातल्या एसटी स्टँडवर उच्चारा. आता तुम्हाला पूर्णा ओलांडून सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोदला नेऊन सोडतील. एखाद्या पाहुण्याने "कोणतं जळगाव?" असं विचारलंच, तर समोरचा त्याच्याकडे दयेने बघतो आणि म्हणतो, "कोनतं म्हंजे? आपलं जळगाव!"

स्टेशनही बरोबर आणि स्टँडही बरोबर. नाव तेच, उत्तर मात्र आपण कुठे उभं राहून विचारतो त्यावर ठरतं. संगणकाची रीतही हीच आहे, हे मला फार उशिरा कळलं.

जवळपास प्रत्येक संगणकाच्या पोटात 'होस्ट्स' नावाची एक साधी मजकुराची फाइल असते. डावीकडे आकड्यांतला पत्ता, मग थोडी मोकळी जागा, उजवीकडे नाव. संपलं. आपण एखाद्या संकेतस्थळाचं नाव कौतुकाने टाइप करतो, पण यंत्राला त्या नावाशी देणंघेणं नसतं. त्याला हवा असतो आयपी ॲड्रेस, म्हणजे बहुतेकदा टिंबांनी तोडलेले चार आकडे, प्रत्येक ० ते २५५ मधला. तो शोधून द्यायला डीएनएस नावाची जगभर पसरलेली यंत्रणा आहे. पण तिचं दार ठोठावण्याआधी संगणक सहसा घरातली ही फाइल उघडून बघतो. तिथे नाव सापडलं की विषय मिटला, मग तो बाहेर कोणाला विचारायला जात नाही. सारं जग कंठशोष करून दुसरा पत्ता सांगत असलं, तरी याचं आपलं एकच: आपलं जळगाव.

वयाने ही घरची वहीच थोरली, जगाची यंत्रणा मागाहून आली. इंटरनेटचा पूर्वज म्हणजे अर्पानेट. १९७० च्या दशकात त्यावर यंत्रं इतकी मोजकी होती, की सगळ्यांना मिळून एक यादी पुरायची. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी ती सांभाळत. नवं यंत्र जोडलं की त्यांना कळवायचं. फोन करायचा तर तोही कचेरीच्या वेळेत. मग ज्याने त्याने ताजी यादी आपल्या यंत्रावर उतरवून घ्यायची. यंत्रं वाढली तशी यादी फुगली, नावांची ओढाताण सुरू झाली. शेवटी १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. सगळी नावं एका टेबलावर ठेवण्यापेक्षा ज्याची त्याने सांभाळावीत, असा तिचा सरळ हिशेब. मोठी यादी गेली, घरोघरची छोटी फाइल मात्र राहिली.

अर्पानेटच्या त्या यादीच्याच दशकात, १९७० च्या, आपल्या टपाल खात्यालाही एका नावाच्या अनेक गावांनी जेरीस आणलं होतं. त्यावर श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने पिन कोड आखला आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो सुरू झाला. वेलणकर संस्कृतात काव्य करणारे गृहस्थ. कवीनेच नावांवरचा भरवसा सोडून आकड्यांना शरण जावं, यावरून खात्यातल्या पत्रांचे काय हाल होत असतील याची कल्पना यावी. आता खानदेशातल्या जळगावचा पिन ४२५ ने सुरू होतो, जामोदचा ४४३ ने, आणि पाकिटाला "कोणतं जळगाव?" असं विचारावं लागत नाही. आकड्यांना जिल्ह्याचा अभिमान मात्र नसतो. बुलढाणा ४४३ मध्ये, आणि त्याच जिल्ह्यातलं खामगाव नि शेगाव अकोल्याच्या पंगतीत, ४४४ मध्ये.

माझ्या परिचयाचे एक सर कॉलेजातली संगणकाची लॅब सांभाळतात. त्यांच्याकडच्या यंत्रांचे पत्ते १९२.१६८ ने सुरू होतात. हे पत्ते खाजगी वापरासाठी राखून ठेवलेले असल्यामुळे शेजारच्या कॉलेजातही तेच असतात आणि कोणाचं कोणाशी भांडण होत नाही. पण असले आकडे पोरांच्या लक्षात राहीनात. म्हणून सरांनी होस्ट्स फाइलमध्ये यंत्रांना जिल्ह्यातल्या तालुक्यांची नावं दिली. वरच्या मजल्यावर घाटावरचे तालुके: चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा. खालच्या मजल्यावर घाटाखालचे: मलकापूर, नांदुरा, शेगाव, संग्रामपूर. तेव्हापासून त्या लॅबमध्ये "मेहकर सकाळपासून बंद आहे", "लोणारातली फाइल शेगावला पाठव", "नांदुऱ्यात व्हायरस शिरला" अशी वाक्यं ऐकू येतात. नवा पाहुणा घाबरून दाराशीच थबकतो. प्रिंटरचं नाव जिल्ह्याच्या गावाचं, बुलढाणा, कारण सगळ्यांची कामं शेवटी तिथेच जाऊन अडकतात.

त्यावरून एक पेच मात्र उभा राहिला. निम्मी पोरं बुलढाणा लिहीत, निम्मी बुलडाणा, आणि यंत्र एका अक्षराच्या फरकालाही माफ करत नाही. होस्ट्स फाइलमध्ये एका पत्त्यापुढे एकाहून जास्त नावं चालतात. सरांनी 'ढ' आणि 'ड' दोघांना एका ओळीत शेजारी बसवलं. पाट्यांना, कचेऱ्यांना आणि वर्तमानपत्रांना जे जमलं नाही ते असं एका ओळीत उरकलं.

या फाइलमध्ये एक ओळ सगळ्यांच्या ओळखीची: १२७.०.०.१, लोकलहोस्ट. म्हणजे 'मी स्वतः'. नको असलेल्या संकेतस्थळाचं नाव या पत्त्यापुढे लिहून ठेवलं, की यंत्र ते शोधायला निघतं आणि स्वतःच्याच दारावर टकटक करून परत येतं. परीक्षेच्या दिवसांत गेमचं संकेतस्थळ बंद करायला कित्येक आईबाप हा उपाय करतात. चिरंजीव मोबाइलवर खेळत असतात, तो भाग वेगळा. नवं संकेतस्थळ बांधणारेही खरं नाव तात्पुरतं आपल्या यंत्राकडे वळवून गुपचूप रंगीत तालीम करतात. चोरांनाही ही वाट ठाऊक आहे. एखादा घातकी प्रोग्रॅम घरात शिरून वहीत बँकेच्या नावापुढे भलताच पत्ता लिहून ठेवू शकतो. विंडोजमध्ये ही फाइल पार आतल्या खोलीत ठेवलेली असते आणि ॲडमिनिस्ट्रेटरच्या परवानगीशिवाय तिच्यातलं अक्षरही बदलता येत नाही.

पण चोरापेक्षा मोठा धोका शिळेपणाचा. सर्व्हर नव्या पत्त्यावर राहायला जातो, डीएनएसला ते कळतं, जगाला कळतं. ज्या घरात जुनी ओळ आहे तिथे मात्र कळत नाही. ते यंत्र जुनंच दार इमानाने ठोठावत राहतं. घरच्यावर पहिला विश्वास ठेवायचा, ही सवय वेळ वाचवते आणि कधी कधी शहाणपणही वाचवते, म्हणजे खर्चच होऊ देत नाही.

यावर फाइलमध्येच एक सभ्य तोड आहे. ओळीच्या सुरुवातीला हॅश, म्हणजे # ही खूण टाकायची. ओळ खोडली जात नाही, माणसाला वाचता येते, पण यंत्र तिचं ऐकणं सोडून देतं. मला हा शोध डीएनएसइतकाच थोर वाटतो. चुकीचं ठरलेलं सगळं पुसलंच पाहिजे असं नाही. त्याचा मान ठेवून त्याचा हुकूम तेवढा काढून घेता येतो.

आमच्या ओळखीच्या एका काकांच्या वहीत अशीच एक ओळ आहे: "बुलढाण्यात पंखा लागत नाही." एके काळी ती खरीही असेल. गाव ६०० मीटरहून अधिक उंचीवर, घाटाच्या माथ्यावर. विदर्भ तापला की इथे हवा खायला यायचं. काका अजूनही ही ओळ ठणकावून सांगतात, मे महिन्यात, कूलरमध्ये बादलीने पाणी ओतता ओतता. तिच्यापुढे हॅश टाका असं त्यांना सुचवून पाहिलं. ऐकेनात. पण त्या घरात ॲडमिनिस्ट्रेटर काकू आहेत. त्यांनी वाद घातला नाही, काकांची ओळही पुसली नाही. बाजारात जाऊन दुसरा कूलर घेऊन आल्या. काका आता तीच ओळ दोन्ही कूलरच्या आवाजावरून ऐकू जावी म्हणून जरा मोठ्याने म्हणतात.