‘सी’ ऑप्शनला टाकता येत नाही

अमेरिकेतील शाळकरी मुलाने सुट्टीत केलेला कॉलेजचा कोर्स बहुधा सहा आठवड्यांचा असतो. त्याची ग्रेड प्रवेशअर्जात कळवावी की कळवू नये, ही घरातली चर्चा मात्र दीड वर्ष चालते.

कोर्सची निवड जानेवारीत, मुलाला न विचारता होते. कॅलिफोर्नियात शाळेच्या मुलांना कम्युनिटी कॉलेजात बहुतेक ठिकाणी फी माफ असते. त्यामुळे क्युपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजात नाव घातले की विद्या आणि बचत ही दोन्ही कामे एकदम उरकतात. ज्यांना बचत नको, त्यांच्यासाठी १८७१पासून हार्वर्डची उन्हाळी शाळा आहे. सहा आठवड्यांत अख्ख्या सत्राचे रसायनशास्त्र उरकायचे असते: सकाळी लेक्चर, दुपारी प्रयोगशाळा आणि रात्री अकरा एकोणसाठला बंद होणारी क्विझ. जुलैच्या अखेरीस ग्रेड लागते. १ ऑगस्टला ‘कॉमन ॲप’ हा सामायिक अर्ज उघडतो. मधले दोन-चार दिवस कुटुंब योसेमिटीला जाऊन येते.

‘ए’ मिळाला तर अडचण नसते, जागेचीच काय ती टंचाई. आधी तो कॉलेजच्या रकान्यात जातो. मग उपक्रमांच्या दहा ओळींपैकी एक अडवतो, ‘अधिक माहिती’त पुन्हा येतो आणि निबंधात ‘टायट्रेशनने मला संयम शिकवला’ असे रूप घेतो. अर्जाबाहेर तो महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत, आरती आणि प्रसाद यांच्या मधल्या वेळात, तोंडी कळवला जातो.

‘बी’ची कथा छोटी आहे. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या हिशेबात ‘ए’ला ४ आणि ‘बी’ला ३ गुण असतात, पण विद्यापीठाला चालणाऱ्या कॉलेज-कोर्सला एक गुण जादा मिळतो. म्हणजे कॉलेजातला ‘बी’ शाळेतल्या साध्या ‘ए’च्या बरोबरीला बसतो. ही सवलत आठ सत्रांपुरतीच असते. बाराव्या सत्राची आखणी चाललेल्या घरांत हे कलम वाचलेले नसते. हेच विद्यापीठ ग्रेडपुढचे अधिक-उणे चिन्हही मोजत नाही. ‘ए मायनस’ घेऊन घरी आलेल्या मुलाला जे ऐकावे लागते, त्याला विद्यापीठाचा कोणताही आधार नाही.

खरे शास्त्र सुरू होते ते ‘सी’पासून. पहिली अडचण म्हणजे तो पालकांना कळतच नाही. विद्यार्थ्यांच्या नोंदींविषयीचा १९७४चा संघीय कायदा असा, की मूल कॉलेजात दाखल झाले की तिथल्या नोंदींवरचा हक्क त्याच्याकडे जातो, मग त्याचे वय पंधरा का असेना. कॉलेजच्या कार्यालयात फोन लावला तर पलीकडून अत्यंत गोड आवाजात सांगतात, की ही माहिती विद्यार्थ्याकडूनच घ्यावी. विद्यार्थी त्या वेळी आंघोळीला गेलेला असतो. पासवर्डही त्याच्याकडेच असतो.

तो बाहेर आल्यावर युक्तिवाद सुरू होतात. ज्यांनी दहावीला भूमितीची प्रमेये ऑप्शनला टाकून पंच्याऐंशी टक्के काढले, त्यांना रसायनशास्त्रही ऑप्शनला टाकता येईल असे वाटते. ‘शाळेच्या मार्कशीटवर तो विषय नाहीच, मग सांगायचा कशाला?’ हा त्यातला सर्वांत जुना मुद्दा. अर्जात मात्र शाळा आणि कॉलेज हे वेगवेगळे रकाने आहेत, आणि दिलेली माहिती खरी असल्याची सही शेवटी विद्यार्थ्यालाच करावी लागते. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया तर नापास झालेले आणि पुन्हा दिलेले कोर्सही मागते. अर्जाच्या वेळी ती मुलाच्या शब्दावर विश्वास ठेवते. प्रवेश मिळाल्यावर १ जुलैपर्यंत प्रत्येक कॉलेजचे अधिकृत ट्रान्सक्रिप्ट मागवते, आणि दोन्हींत फरक दिसला तर दिलेला प्रवेश काढून घेऊ शकते. तोवर आजी-आजोबांची तिकिटे काढून झालेली असतात. कोण कोणत्या कॉलेजात कधी दाखल होते, याची नोंद ठेवणारी नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाऊस ही संस्थाही १९९३पासून आहे, त्यामुळे ‘कुणाला कळतंय?’ या प्रश्नालाही उत्तर आहे.

सुटकेचा रस्ता एकच, आणि तो वेळेत धरावा लागतो. सुरुवातीच्या काही दिवसांत कोर्स सोडला तर मागे काही उरत नाही. मुदतीनंतर सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर ‘डब्ल्यू’ बसतो. उन्हाळ्यात ही मुदत इतकी लवकर येते, की मुलाला विषय अवघड आहे हे समजेपर्यंत ती गेलेली असते.

प्रवेश मिळाला की ‘सी’चे प्रकरण मिटले असे समजून पेढे वाटले जातात. चार वर्षांनी मूल डॉक्टर व्हायचे ठरवते. अमेरिकेतील बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांचा सामायिक अर्ज कॉलेज पातळीवरचा प्रत्येक कोर्स मागतो, शाळेत असताना केलेला धरून, आणि त्याची ग्रेड सरासरीत मोजतो. कोर्स पुन्हा करून ‘ए’ मिळवला असला तरी दोन्ही ग्रेड धरल्या जातात. मग त्या कम्युनिटी कॉलेजला पुन्हा फोन जातो, आणि पलीकडून पुन्हा तितक्याच गोड आवाजात विचारतात, की विद्यार्थी घरी आहे का.