आधी अक्षरं, मग शिरोरेघ

परवा फोनवर लग्नाच्या आमंत्रणाचा व्हिडिओ आला. काळ्या पडद्यावर सोनेरी 'शुभविवाह' उमटत होतं. श आला, मग त्याला उकार चिकटला. भ आला. व आला आणि लगेच त्याला उजवीकडे ढकलून वेलांटी त्याच्या डाव्या अंगाला येऊन बसली. पुढच्या व ला काना लागेपर्यंत एवढ्याशा शब्दाची तीनदा मोडतोड झाली होती. मंगलकार्याचा पहिलाच शब्द, आणि तो अडखळत यावा, याचं मला खरंच वाईट वाटलं.

दोष व्हिडिओ करणाऱ्या पोराचा नाही, त्याला मिळालेल्या धड्याचा आहे. अॅनिमेशन शिकायला बसलं की मजकूर हलवण्याचा पहिला धडा बहुतेक ठिकाणी टाइपरायटरचा असतो: एक कॅरेक्टर दाखवा, मग पुढचं. इंग्रजीत ते बिनबोभाट चालतं. आपल्याकडे कॅरेक्टर म्हणजे अक्षर नव्हे. 'महाराष्ट्र' या शब्दात आपण चार अक्षरं मोजतो. युनिकोड मोजतं दहा. एकट्या 'ष्ट्र'मध्येच पाच. ती सुटीसुटी पडद्यावर आणली की आधी ष दिसतो, मग पाय मोडलेला ष, मग ट, मग त्याचाही पाय मोडतो. पहिलीतलं मूलसुद्धा असं लिहीत नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या युनिकोड १५.१ ने देवनागरी जोडाक्षर मध्येच तोडू नये, असा नियम घातला. म्हणजे आता सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना सबब उरलेली नाही. पण त्यांची वाट बघत बसायचं कारण नाही. आफ्टर इफेक्ट्समध्ये रेंज सिलेक्टरच्या आत 'बेस्ड ऑन' असतं. तिथे 'कॅरेक्टर्स'ऐवजी 'वर्ड्स' निवडा. अख्खा शब्द एकसंध येईल. ब्लेंडरमध्ये टाइप केलेली जोडाक्षरं विस्कटलेली दिसली, तर शब्द इंकस्केपमध्ये लिहा, त्याचे पाथ करा आणि एसव्हीजी म्हणून आत आणा. दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. अक्षरांतलं अंतर मात्र वाढवू नका. शिरोरेघ तुटली की शब्दाची ठिगळं होतात.

आणि घाई नको. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर शब्द यायला बारा-पंधरा पुरतात. आल्यावर तो स्थिर ठेवा. ओळ दोनदा सावकाश मोठ्यानं वाचा. तेवढा वेळ ती पडद्यावर राहिलीच पाहिजे. गरगर फिरत आलेला मुहूर्त आजीला वाचता आला नाही, तर ते आमंत्रण तिच्यापर्यंत पोचलेलंच नाही.

खरं तर देवनागरी हलवायची रीत आपल्या हातात लहानपणापासून आहे. पाटीवर आपण काय करायचो? आधी अक्षरं काढायची, शब्द पुरा झाला की वरून एक रेघ ओढायची. अक्षराचा जन्मच हाताच्या हालचालीतून होतो. विंडोजमधला मंगल फाँट घडवणारे र. कृ. जोशी मूळचे सुलेखनकार होते, हा मला योगायोग वाटत नाही. टाइपरायटरची टकटक उसनी आणण्यापेक्षा नवशिक्यानं ही पाटीच गिरवावी.

म्हणून त्या पोराला मी घरी बोलावलं. 'शुभविवाह' पुन्हा केलं. शिरोरेघ आणि तिच्यावरची वेलांटी एका मास्कखाली झाकली. खालची अक्षरं बारा फ्रेममध्ये हलकेच उजळली. मग मास्क डावीकडून उजवीकडे सरकवला. सुरुवातीला आणि शेवटाला वेग कमी ठेवला, कारण रेघ ओढताना हातही तसाच चालतो. मास्कला लागल्या दोनच कीफ्रेम. रेघ टोकाला पोचली, शब्द जुळला, आणि पोरगा म्हणाला, "काका, आता मुहूर्ताची ओळपण अशीच करू या."